मोठीला मगरीनं खाल्लं, ती गोष्ट

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पंखवाल्या घोड्याचं पुस्तक संपलं. अकरा दिवस लागले. को. म्हणजे माझी नात कोमल. पूर्ण नाव लिहिलं की बोट दुखतं, म्हणून को. ती शहाद्याला बी.एड. करते आणि कॉलेजातून माझ्यासाठी पुस्तकं आणते. मोतीबिंदू काढल्यापासून हा धंदा चालू आहे आमचा. तिसरी शिकलेली बाई मी, बोट ठेवून वाचते, पण वाचते.

घोडा छान होता. राजाच्या पोरीला पाठीवर घेऊन ढगात जातो, तिथे ढग कातून सूत काढणाऱ्या म्हाताऱ्या भेटतात. दोन दिवस मी त्या म्हाताऱ्यांतच होते. पण एवढा घोडा, एवढं उडणं, त्याला चारा कोणी टाकला ते सगळ्या पुस्तकात नाही. पाणी पण नाही. ज्यानं लिहिलं त्याच्या दारात जनावर नसणार.

को. हसते. मी वाचताना मधे मधे "हूं" म्हणते म्हणे. मला कळतही नाही. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा असतो. हूं थांबला की सांगणारी थांबते. पुस्तक थांबत नाही, पण सवय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज चित्रांचं पुस्तक. माणसांच्या तोंडातून फुगा निघतो आणि फुग्यात बोलणं. आधी मी सगळे खालचे फुगे वाचून घेतले, मग वरचे, त्यामुळे चोर आधी सापडला आणि चोरी मागून झाली. को.नं क्रम शिकवला.

एक गोष्ट फार आवडली. नुसता विचार करणाऱ्याच्या डोक्यावर वेगळा फुगा असतो, बारीक बारीक गोळ्या वर जातात. बोलतोय गोड आणि वरच्या फुग्यात भलतंच. आमच्या डोक्यावर असे फुगे असते तर सासरच्या त्या घरात चाळीस वर्षं कोणी जेवलं नसतं.

साखर कारखान्याचा वास सुरू झाला. गाळप लागलं म्हणजे आमच्या पुरुषोत्तमनगरात कपडे वाळतात ते पण गोड वासाचे. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला.

रविवार, ९ नोव्हेंबर

काय लिहू.

को.नं लोककथांचं पुस्तक आणलं. तापीकाठच्या गोष्टी. म्हणाली, आजी, तुझ्याच भागातलं आहे. मी सवयीनं मधूनच उघडलं. एक गोष्ट वाचायला घेतली, आणि मला पुढची ओळ आधीच येत होती. बोट मागे आणि मी पुढे. गोष्ट संपली, खाली बारीक अक्षरात: सांगणार, सिंधूबाई. गावाचं नाव. ता. शहादा.

सिंधूबाई म्हणजे मी.

को. नाचली. घरभर दाखवलं. सून म्हणाली, सासूबाई, तुम्ही छापून आल्या आणि आम्हाला पत्ता नाही. शेजारच्या दोघी बघून गेल्या. मी शिरा केला. मुलानं फोटो काढला, पुस्तक धरून. बारा-तेरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या एक बाई टेप घेऊन गावी आल्या होत्या, त्यांचं हे काम. मी विसरूनच गेले होते.

सत्तरीला आले, पण असा दिवस माझ्या लग्नात पण नव्हता.

सोमवार, १० नोव्हेंबर

पुन्हा वाचली गोष्ट. तीनदा.

को. विचारते, आजी, तुला ही कोणी सांगितली होती? मी म्हटलं, मोठीबाईनं. मोठीबाई म्हणजे माझी जेठाणी, माझ्या मालकांच्या थोरल्या भावाची बायको. आता विसरवाडीला असते, मुलाकडे. तिच्याइतक्या गोष्टी कोणाला येत नव्हत्या. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, आम्ही वीस-वीस बाया देठ खुडायला बसायचो, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, आणि तिची गोष्ट चालू. मुकादम पण हूं द्यायचा.

को. म्हणाली, मग खाली त्यांचं नाव का नाही?

मी म्हटलं, त्या दिवशी ती माहेरी गेली होती, भाच्याच्या लग्नाला.

हे खरं आहे. टेपवाल्या बाई तिलाच विचारत आल्या होत्या. मी म्हटलं, ती नाही, पण मी सांगते.

शेवट मला नीट आठवत नव्हता, म्हणून जुळवून सांगितला. तसं को.ला बोलले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गोष्ट इथे लिहून ठेवते.

दोन जावा. घरातला विस्तव विझला. मोठी धाकटीला म्हणाली, नदीपलीकडून विस्तव आण. नदीत मगर. मगरीनं धाकटीला पाठीवर बसवून पलीकडे नेलं. येताना मगर म्हणाली, आता मोल दे, तुझा आवाज दे. हातात विस्तव, तो विझायला आला, काय करते बिचारी. दिला आवाज. घरी आली. मोठी विचारते, कुठे होतीस इतका वेळ? धाकटी बोलेना. मोठीला वाटलं उद्धट झाली, मारलं तिला. मग कळलं. मग मोठी नदीवर गेली.

इथपर्यंत पुस्तकात बरोबर आहे.

पुढे पुस्तकात आहे: मगरीनं तोंड उघडलं आणि मोठीला गिळली. धाकटीचा आवाज परत आला. ती सुखानं नांदली.

मोठीबाई सांगायची ते असं: मोठी मगरीला म्हणाली, माझा आवाज घे, तिचा दे. मगरीनं बदलून दिला. त्यानंतर मोठी कधी बोलली नाही. तिला काही सांगायचं असलं की ती धाकटीच्या मनगटाला हात लावायची आणि धाकटी दोघींचं बोलायची. विहिरीवर बाया सांगायच्या, ह्या घरात एकच आवाज आहे पण भांडण कधी ऐकलं नाही.

म्हणजे मला शेवट आठवतो. परवा को.ला खोटं सांगितलं. तेव्हाही आठवत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

को.ला सांगितलं मला मगरीवरचं पुस्तक आण. खऱ्या मगरीवरचं. तिनं आणलं, फोटोंचं, गुळगुळीत कागद. अवघड आहे, पण नेटानं वाचते. मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही. चावून खाता येत नाही. आणि हे तर मी दोनदा वाचलं: पिल्लं अंड्यातून निघाली की आई त्यांना तोंडात घेते, त्या दातांच्या मधे, आणि पाण्यात नेऊन सोडते. एकालाही दात लागत नाही.

मी मगरीवर पण आळ घेतला.

फोटोतली मगर हसल्यासारखी दिसते. सून म्हणते, सासूबाई, जेवताना हे पुस्तक बाजूला ठेवा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

का केलं ते लिहिते. लिहिलं नाही तर इतर वाचलेलं सगळं फुकट.

लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात अक्षर ओळखणारी बाई मी एकटी. पुस्तक नव्हतं. पण किराणा यायचा तो पेपरच्या पुडीत. हळदीची पुडी, साखरेची पुडी, सोडवली की मी कागद सपाट करायचे आणि वाचायचे. अर्धी बातमी. कोणाचं तरी अर्धं लग्न, कोणाचं अर्धं मरण. एका कागदावर गोष्ट होती, एका माणसाला विहिरीत दुसरं गाव सापडतं, आणि तिथे पुडी फाटलेली. तो माणूस अजून विहिरीत आहे माझ्या मनात.

कागद मी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. चांगली थप्पी झाली होती.

एकदा मोठीबाई सासूला म्हणाली, "धाकली कागद वाचत बसस, भाकर जळी गई." सासू उठली. थप्पी काढली आणि चुलीत घातली. त्यानंतर पुडी सोडवली की कागद लगेच चुलीत, हा घराचा नियम झाला.

चाळीस वर्षं मी वाचलं नाही. एसटीच्या पाट्या सोडून.

आणि मग त्या बाई टेप घेऊन आल्या. मी चहा दिला. त्यांनी बटण दाबलं, लाल दिवा लागला. मी सांगत गेले, मोठी नदीवर गेली, आणि माझं तोंड आपोआप बोललं, मगरीनं गिळली. बाई म्हणाल्या, वा. मला फार गार वाटलं त्या वेळी. खोटं का लिहू.

गुरुवार, २० नोव्हेंबर

को.नं पुस्तकातल्या पत्त्यावरून त्या बाईंचा फोन शोधला. मला न विचारता. त्या आनंदल्या, म्हणे सिंधूबाई अजून आहेत का, छान. पुस्तक परत छापायचं चाललंय. काही दुरुस्ती असली तर महिनाअखेरीच्या आत कळवा.

मी को.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, सोपं आहे. नाव बदलायचं, शेवट बदलायचा. मी लिहून देते."

मी म्हटलं, तिला न विचारता?

को.: "मग विचारू. रविवारी जाऊ."

ह्या पोरीला सगळं सोपं वाटतं. मोठीबाईला सांगायचं काय, की तुझी गोष्ट माझ्या नावानं छापली, आणि त्यात तुला मगरीला घातलं? तिला वाचता येत नाही. तिला कळलं नसतं कधी. पण आता न सांगता नाव बदललं तर कोणीतरी नवं पुस्तक वाचून दाखवेल, आणि विचारेल, जुन्यात काय होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

विसरवाडीला जाऊन आले. नीट लिहिते, क्रमानं.

सकाळची शहादा-नंदुरबार गाडी, तिथून दुसरी. को. खिडकीत, मी पुस्तक मांडीवर. जाताना ठरवलं होतं, तिला गोष्ट वाचून दाखवायची, पण शेवट तिचा वाचायचा. खरा. पान तेच, बोट त्याच ओळींवर, तोंडानं दुसरं. ती खूष होईल, मग हळूच नावाचं काढायचं. गिळल्याचं कधी सांगायचंच नाही. को.ला हे पसंत नव्हतं. म्हणाली, तू परत तेच करतेस. मी ऐकलं नाही.

मोठीबाईच्या मुलाचं टायरचं दुकान आहे हायवेला. मागे घर. ट्रकचा आवाज इतका की बोलताना थांबावं लागतं, तो गेला की पुढचं वाक्य. मोठीबाई बाजेवर बसलेली. लहान झाली आहे. हात मात्र तेच.

"ये वं सिंधू. आज कशी काय याद उनी?"

मी पाया पडले. ती म्हणाली, "डोया उघडनात का तुन्हा? कोमल सांगे, पुस्तकं वाचस आते." मी म्हटलं, हो, दोन्ही डोळे झाले. "मंग वाच काहीतरी," तीच म्हणाली. मला विषय काढायची पण गरज पडली नाही.

तिची नात पायल, आठवीतली, जवळ येऊन बसली. मी वाचायला लागले. मोठीबाईनं हूं दिला. विस्तव विझला, हूं. नदी, हूं. मगर, हूं. आवाज दिला, हूं. किती वर्षांनी आम्ही दोघी असं बसलो होतो, फक्त तेव्हा सांगणारी ती आणि हूं माझा. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

मोठी नदीवर गेली. हूं.

मी बोट ओळीवर ठेवलं आणि वाचलं, मोठी म्हणाली, माझा आवाज घे, तिचा दे.

हूं आला नाही.

वाटलं ट्रकमुळे ऐकू आलं नसेल. ट्रक गेला. परत वाचलं. हूं नाही. मग मला पुढे जाता येईना. जाताच येत नाही.

मोठीबाई म्हणाली, "पुस्तकमा अशी गोट नही शे."

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

"पायलनी वाची दखाडी. तीन साल व्हई ग्यात. शायमा उनं हाई पुस्तक. खाले तुन्ह नाव शे." आणि अगदी शांतपणे, जसं काही भाजीबद्दल बोलते: "पुस्तकमा मोठीले मगर खाई जास."

पायल खाली बघत होती. को. माझ्याकडे बघत होती.

तीन वर्षं. पायलच्या शाळेत पुस्तक आलं तेव्हापासून तिला माहीत. तीन वर्षांत दोन लग्नांत आम्ही भेटलो. एका पंगतीला शेजारी बसलो. तिनं मला लोणचं वाढलं होतं.

मी म्हटलं, मोठीबाई, चुकलं. मी ते कागदांमुळे केलं. सासूनं जाळले ते.

ती जरा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "भाकर जळनीच व्हती, सिंधू. खोटं कसाले सांगू."

को.ला हसू फुटलं. मोठीबाई पण हसली, दात नाहीत आता. मी हसले नाही. मग हसले.

तेवढ्यात पायल बोलली, "आजी, मगरीच्या पोटात मोठी चूल मांडते, ते सांगू का ह्यांना?"

मोठीबाई: "ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, काय चूल? पायल म्हणाली, आजी आम्हाला पुढचं सांगते ना. पोटात मोठी काय काय करते ते. पोटात एक गाव आहे, गिळलेल्या लोकांचं, आणि मोठी तिथे सगळ्यांना...

"पायल, जाय, चहा ठेव."

पोर गेली. नंतर किती विषय निघाले, गुडघे, सुना, मिरचीचा भाव, पण पोटातलं गाव परत निघालं नाही. निघताना मी म्हटलं, मोठीबाई, मला पण सांग ना पुढचं. ती म्हणाली, "तुले कसाले? तुन्ही गोट तं खपी गई. तू सुखमा नांदी ऱ्हायनी."

माझी गोष्ट तर संपली, असं. रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज पुस्तक उघडलं नाही. को.नं चित्रांचं नवं आणलंय, तसंच आहे टेबलावर.

हे सारखं मनात येतं: मला वाटायचं तिनं माझे कागद घेतले. तिचं मी काय घेतलं ते मी मोजलंच नव्हतं. पथारीवर बसून तिनं जे सांगितलं त्यात मोठी आपला आवाज देऊन टाकायची. बाया म्हणायच्या, कोण देतं असं. ती म्हणायची, देस कोणी कोणी. माझ्याकडे बघून म्हणायची का? आठवत नाही. बघितलं असलं तरी मी मिरचीकडे बघत असणार.

बुधवार, २६ नोव्हेंबर

को.नं पत्र लिहायला घेतलं, त्या बाईंना. माझ्याकडून. मी सांगते, ती लिहिते.

गोष्ट माझी नाही. जिची आहे तिचं नाव भागाबाई, राहणार विसरवाडी, ता. नवापूर. माझं नाव काढावं. शेवट मी खोटा सांगितला, रागापोटी.

इथवर झालं. मग को.नं विचारलं, खरा शेवट लिहू ना? मनगटाचा?

मी हो म्हणणार होते. पण तो आता तिचा शेवट आहे का? ती तर तीन वर्षं दुसराच सांगते. मी मोठीला गिळायला लावलं, आणि तिनं ते गिळणं तसंच ठेवलं, आणि आत जाऊन पुढे सांगायला लागली. एवढं मोठं मन की एवढा मोठा राग, मला कळत नाही. मी जुना शेवट पाठवला तर परत तेच, तिला न विचारता मीच ठरवलं.

को.ला म्हटलं, तेवढी जागा सोड.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज दुपारी फोन लावला. पायलनं उचलला, मग मोठीबाईला दिला. मागे ट्रक.

मी सगळं सांगितलं. पत्र, तुझं नाव, पुस्तक परत छापतात, दोन दिवस राहिले. म्हटलं, मोठीबाई, शेवट तू सांग. जुना असो, नवा असो, तू सांगशील तो. को. लिहून घेते.

मला वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो केलं.

मग म्हणाली, "मन्ह नाव टाक. बरं शे ते."

आणि शेवट?

"त्या बाईले सांग, मोठी आजून बाहेर उनी नही."

आणि फोन पायलकडे दिला. पायल म्हणाली, सिंधूआजी, ती हसतेय. मग म्हणाली, नाही, हसत नाहीये, थांबा. मग ट्रक आला आणि काही ऐकू आलं नाही.

को. पेन धरून बसली आहे. विचारते, हेच लिहू? असंच्या असं?